वेबसाइट अपलोड करताना 'लॉगिन इनकरेक्ट' येतं? पासवर्ड बदलण्याआधी हे तपासा

वाशिम : गावाची वेबसाइट बनवून झाली. ग्रामसभेचे ठराव, योजनांच्या याद्या, गावाचे फोटो सगळं लॅपटॉपमध्ये तयार आहे. होस्टिंगचे पैसेही भरून झाले. पण फायली सर्व्हरवर टाकायला बसलं की लाल अक्षरात एकच ओळ येते, '५३० लॉगिन इनकरेक्ट'. "पासवर्ड तं बरोबर हाये, मंग आत काऊन घेत नाही?" इथंच काम अडतं.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत आता वेबसाइट ही फक्त शहराची गोष्ट राहिलेली नाही. १७ सप्टेंबर २०२५ पासून राज्यात मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. ऑनलाइन कारभारावर भर आल्याने ग्रामपंचायती वेबसाइटच्या मागे लागल्या. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, शाळा आणि संस्थानंही वेबसाइट काढतात. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे १७ बाबींची माहिती सार्वजनिक कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायची असते. त्यासाठी वेबसाइट हा सोपा मार्ग आहे.

काम मात्र बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या अंगावर येतं. कुठं संगणक परिचालक, कुठं आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, कुठं कॉलेजात शिकणारा गावातलाच पोरगा. लॉगिन अडलं की तो दहा वेळा पासवर्ड टाकतो, मग पासवर्ड बदलतो, मग कुणा अनोळखी 'एक्स्पर्ट'ला सगळी माहिती व्हॉट्सॲपवर पाठवतो. शेवटी कंटाळून दुसरीकडे नवीन होस्टिंग घेतलं जातं आणि पैसे दोनदा जातात.

खरं पाहता हा दोष बहुतेक वेळा १०-१५ मिनिटांत सापडतो. त्यासाठी घाई न करता मेसेज वाचावा लागतो. लॉगिन न होण्यामागे पासवर्ड सोडून दुसरीही बरीच कारणं असतात.

आधी गाळा आणि पाटी समजून घ्या

सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू असणारा आणि इंटरनेटला जोडलेला दुसरीकडचा कॉम्प्युटर. त्यावर भाड्याने घेतलेली जागा म्हणजे होस्टिंग. बाजारात गाळा भाड्याने घेतो तसंच. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, ही त्या गाळ्यावरची पाटी. गाळ्याचं भाडं वेगळं आणि पाटीचे पैसे वेगळे. दोन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात किंवा दोन ठिकाणांहून. दोन्हीची मुदत वेगवेगळ्या तारखेला संपू शकते, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

आपल्या लॅपटॉपमधला माल त्या गाळ्यात नेऊन ठेवण्याच्या पद्धतीला एफटीपी म्हणतात. ही पद्धत वेबसाइटपेक्षाही जुनी आहे. तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. सर्व्हरने तीन आकडी नंबर देऊन उत्तर द्यायचं, ही या पद्धतीची रीत. आज स्क्रीनवर येणारा ५३० हा त्याच रीतीतला नंबर आहे. नंबर कळला की अर्धं काम झालं.

एफटीपी चालवायला फाइलझिला हे मोफत सॉफ्टवेअर बरेच लोक वापरतात. त्यात होस्ट, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट असे चार रकाने असतात. अडचण यातल्या कोणत्याही रकान्यात असू शकते.

एका वेबसाइटच्या चार चाव्या

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. बँकेचं खातं एकच असतं, पण एटीएमचा पिन वेगळा, यूपीआयचा पिन वेगळा आणि नेट बँकिंगचा पासवर्ड वेगळा. यूपीआयचा पिन एटीएम मशीनमध्ये टाकून पैसे निघत नाहीत. वेबसाइटचंही तसंच आहे.

पहिली चावी होस्टिंग कंपनीच्या खात्याची. ही ईमेल आणि पासवर्डने उघडते. बिल भरणं आणि मुदत वाढवणं इथून होतं.

दुसरी चावी कंट्रोल पॅनलची. बऱ्याच कंपन्या सीपॅनल देतात. फायली, ईमेल, डेटाबेस यांचा कारभार इथून चालतो.

तिसरी चावी एफटीपीची. फायली टाकायला हीच लागते.

चौथी चावी वेबसाइटच्या ॲडमिनची. वर्डप्रेसवर वेबसाइट असेल तर बातमी किंवा फोटो टाकायला ही वापरतात.

होस्टिंग कंपनीच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड फाइलझिलात टाकला, तर सर्व्हर '५३०' म्हणणारच. पासवर्ड खरा आहे, पण तो दुसऱ्या कुलपाचा आहे. वर्डप्रेसच्या ॲडमिनचा पासवर्ड एफटीपीत टाकणं हीही तीच चूक.

अडलं कुठं, ते मेसेज सांगतो

फाइलझिलाच्या वरच्या भागात इंग्रजी ओळी पळत असतात. बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत. शेवटच्या चार-पाच ओळी वाचा, नाहीतर मोबाइलने फोटो काढून गुगल लेन्सने मराठीत वाचा. साधारण चार प्रकार दिसतील.

पहिला प्रकार : पत्ताच सापडत नाही. 'रिझॉल्व्हिंग ॲड्रेस' या ओळीनंतर गाडी थांबते. होस्टच्या रकान्यात चूक आहे, डोमेन नवीन आहे किंवा डोमेनची मुदत संपली आहे. इथे पासवर्डचा संबंधच येत नाही.

दुसरा प्रकार : पत्ता सापडला, पण दार उघडत नाही. 'कनेक्शन टाइम्ड आउट' किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं येतं. फाइलझिला साधारण २० सेकंद वाट पाहून सोडून देतं. नेट कमजोर आहे, पोर्ट चुकलं आहे किंवा सर्व्हरने तुम्हाला अडवलं आहे. इथेही पासवर्डचा दोष नाही.

तिसरा प्रकार : दार उघडलं, नाव विचारलं आणि परत पाठवलं. हाच ५३०. इथे युजरनेम, पासवर्ड किंवा खात्याची स्थिती तपासायची.

चौथा प्रकार : लॉगिन झालं, पण फाइल चढत नाही. ५५०, ५५२ किंवा ५५३ असे नंबर येतात. लॉगिन बरोबर आहे, परवानगीची किंवा जागेची अडचण आहे.

दुसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात पासवर्ड बदलून काहीच फायदा नाही. उलट जुना पासवर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांचंही काम बंद पडतं.

५३० आला तर या क्रमाने तपासा

१. युजरनेम पूर्ण आहे का? सीपॅनलमध्ये मुख्य खात्याचं युजरनेम लहानसं असतं. पण आपण वेगळं एफटीपी खातं उघडलं तर युजरनेम पूर्ण लिहावं लागतं, म्हणजे नाव, मग ॲट द रेट, मग डोमेन. नुसतं 'सोयाबीन' लिहून चालत नाही, पुढे ॲट द रेट आणि डोमेनही लागतं. काही मोफत होस्टिंगवर कंपनीच आकडे आणि अक्षरांचं युजरनेम बनवून देते. ते कंट्रोल पॅनलमध्येच बघायला मिळतं.

इथे एक फसगत होते. बऱ्याच सर्व्हरवर पासवर्ड मागण्याआधी '३३१ युजर ओके' अशी ओळ येते. ती पाहून युजरनेम बरोबर आहे असं वाटतं. पण चोरांना खरी नावं कळू नयेत म्हणून कित्येक सर्व्हर चुकीच्या नावालाही 'ओके' म्हणतात आणि पासवर्डनंतर परत पाठवतात. म्हणून ३३१ वर भरवसा ठेवू नका.

२. पासवर्ड व्हॉट्सॲपवरून आला आहे का? मग जास्त काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर दोन चांदण्यांमधला मजकूर ठळक होतो आणि चांदण्या दिसेनाशा होतात. दोन अंडरस्कोअरमधला मजकूर तिरपा होतो. पासवर्डमध्येच अशी चिन्हं असतील आणि तुम्ही पाहून टाइप करत असाल, तर ती सुटतात. कॉपी-पेस्ट केलं तर पुढे-मागे रिकामी जागा चिकटून येते, कधी 'पासवर्ड' हा शब्दच सोबत येतो. आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, मग तिथून उचला.

३. कीबोर्ड मराठीत तर नाही? मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून आकडे टाकले की देवनागरी आकडे उमटू शकतात. आपल्याला पाच म्हणजे पाचच, पण सर्व्हरला देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं आहेत. मोबाइल पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, तेही बघा. लॅपटॉपवर कॅप्स लॉक बघा. शून्य आणि इंग्रजी ओ, तसंच एक, लहान एल आणि मोठा आय यांची गल्लत नेहमीची आहे.

४. फाइलझिलात 'लॉगऑन टाइप' काय आहे? साइट मॅनेजरमध्ये हा पर्याय असतो. तिथे 'ॲनॉनिमस' असेल तर तुमचं नाव सर्व्हरपर्यंत जातच नाही. 'नॉर्मल' निवडा. जुना चुकीचा पासवर्ड सेव्ह झालेला असेल तर तोच पुन्हा पुन्हा जातो. तो पुसून नवीन टाका.

५. सुरक्षित जोडणी मागतो का? काही सर्व्हर साधं एफटीपी बंद ठेवतात, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. अशा वेळी ५३० सोबत 'एन्क्रिप्शन' किंवा 'टीएलएस' हा शब्द दिसतो. साइट मॅनेजरमध्ये 'रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस' निवडा. 'ओन्ली यूज प्लेन एफटीपी' हा पर्याय शक्यतो नकोच.

६. पोर्ट आणि पद्धत जुळते का? एफटीपीचं पोर्ट २१ आणि एसएफटीपीचं २२. नावं सारखी वाटतात, पण दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत. पद्धत एफटीपी ठेवून पोर्ट २२ टाकलं तर जोडणी होत नाही. कंपनीने ईमेलमध्ये जी पद्धत दिली आहे तीच घ्या.

७. खातं चालू आहे का? होस्टिंगचं भाडं थकलं, जागा संपली किंवा वेबसाइटमध्ये व्हायरस सापडला, तर कंपनी खातं थांबवते. मग खरा पासवर्डही चालत नाही. मोबाइलवर आपली वेबसाइट उघडून बघा. 'अकाउंट सस्पेंडेड' असं पान आलं तर फाइलझिला बंद करा आणि कंपनीच्या खात्यात जाऊन बिल व सूचना वाचा.

हे सातही बरोबर असेल, तेव्हा मग पासवर्ड बदला. तोही कंट्रोल पॅनलमधल्या 'एफटीपी अकाउंट्स' मधून. बदलल्यावर दोन-चार मिनिटं थांबून एकदाच टाकून बघा. नवा पासवर्ड इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा लांब ठेवा. चांदणी, अंडरस्कोअर अशी चिन्हं टाळली तर पुढचा घोळही टळतो.

काल चालत होतं, आज 'टाइम आउट'?

चुकीचा पासवर्ड चार-सहा वेळा टाकला की सर्व्हरला वाटतं, कुणी चोर कुलूप फोडतोय. मग तो तुमच्या नेटचा पत्ता, म्हणजे आयपी, काही वेळासाठी अडवतो. कुठं काही मिनिटं, कुठं काही तास. त्यानंतर बरोबर पासवर्ड टाकूनही उपयोग नाही, कारण तुमची हाक दारापर्यंत पोचतच नाही. ५३० येता येता अचानक 'टाइम्ड आउट' यायला लागलं, तर समजा की असंच झालंय.

ओळखायची सोपी युक्ती आहे. लॅपटॉप दुसऱ्या कंपनीच्या सिमच्या हॉटस्पॉटला जोडा आणि एकदाच प्रयत्न करा. जोडणी झाली तर पहिल्या नेटचा आयपी अडवलेला आहे. थोडा वेळ थांबा किंवा कंपनीला तो मोकळा करायला सांगा. मोबाइल नेटवर एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक असू शकतात. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या उद्योगाने आपणही अडकतो. फोन एअरप्लेन मोडला टाकून परत चालू केला की बरेचदा आयपी बदलतो.

'४२१' आणि 'टू मेनी कनेक्शन्स' आलं तर तुम्ही एकाच वेळी जास्त जोडण्या उघडल्या आहेत. फाइलझिलाच्या सेटिंगमध्ये एकाच वेळी जाणाऱ्या फायलींची संख्या १ करा. नेट कमजोर असलेल्या गावात एरवीही हेच बरं. लाइट गेली किंवा नेट तुटलं तर जुन्या जोडण्या सर्व्हरवर तशाच लटकून राहतात, त्या सुटायला पाच-दहा मिनिटं लागतात.

लॉगिन झालं, पण फोल्डरची यादीच येत नाही, '४२५' येतं किंवा 'फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग' दिसतं, तर ट्रान्सफर मोड 'पॅसिव्ह' करा. तरीही नाही झालं तर नेट बदलून बघा.

होस्टच्या रकान्यात काय लिहायचं?

नवीन डोमेन घेतलं की ते जगभर ओळखीचं व्हायला काही तास लागतात, कधी २४ ते ४८ तासही. तोवर 'एफटीपी डॉट आपलंगाव डॉट इन' असा पत्ता चालेलच असं नाही. कंपनीच्या स्वागताच्या ईमेलमध्ये सर्व्हरचं नाव किंवा आयपी दिलेला असतो. होस्टच्या रकान्यात तोच टाका. रकान्यात पुढे 'एचटीटीपीएस' लावू नका, मागे तिरकी रेघही नको. पत्ता ब्राउझरमधून कॉपी केला की या दोन गोष्टी चिकटून येतात.

डोमेनची मुदत संपली असेल तरीही पत्ता सापडत नाही. गाळा शाबूत असतो, माल शाबूत असतो, फक्त पाटी उतरलेली असते. अशा वेळी आयपी टाकून लॉगिन होतं. फायलींची एक प्रत आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि मग डोमेनचे पैसे भरा. मुदत संपल्यावरही नाव सोडवायला काही दिवस मिळतात. ते दिवस गेले की नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि गावाच्या नावावर भलतंच काही दिसू लागतं.

लॉगिन झालं, फाइल गेली, पण वेबसाइट दिसत नाही

फायली योग्य फोल्डरमध्ये आहेत का बघा. सीपॅनलवर वेबसाइट 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डरमधून दिसते, काही कंपन्यांकडे 'एचटीडॉक्स' असतं. सीपॅनलमध्ये नवीन एफटीपी खातं उघडताना फोल्डरचा रकाना तसाच सोडला, तर त्या खात्यासाठी आत वेगळंच फोल्डर बनतं. फायली तिथे पडून राहतात आणि वेबसाइट कोरी दिसते. खातं उघडतानाच त्या रकान्यात योग्य फोल्डर लिहा.

पहिल्या पानाचं नाव 'इंडेक्स' हवं आणि तेही सगळं लहान लिपीत. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यांना मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. लॅपटॉपवर दिसणारा फोटो वेबसाइटवर दिसत नाही, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं. '५५२' आलं तर जागा भरली आहे. मोबाइलचे मोठे फोटो लहान करून टाका. '५५०' आणि '५५३' बहुतेक परवानगीचे किंवा चुकीच्या फोल्डरचे असतात.

एफटीपी जमतच नसेल तर

घाईचं काम असेल तर फाइलझिला सोडा. कंट्रोल पॅनलमध्ये 'फाइल मॅनेजर' असतो. मोबाइलच्या क्रोममध्येही तो उघडतो. वेबसाइटचं सगळं फोल्डर एका झिप फाइलमध्ये बांधा, ती झिप योग्य फोल्डरमध्ये अपलोड करा आणि तिथेच 'एक्स्ट्रॅक्ट' करा. पन्नास फायली एकेक करून पाठवण्यापेक्षा एक झिप कमजोर नेटवर लवकर जाते. काम झालं की झिप तिथून काढून टाका, नाहीतर जागा अडते.

या मार्गाला एफटीपीची चावी लागत नाही, कंट्रोल पॅनलची चावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी काही टाकायचं असेल आणि एफटीपी अडलं असेल, तर हा रस्ता बरा.

कंपनीला तक्रार करताना

'लॉगिन होत नाही, लवकर करा' एवढंच लिहिलं तर उलट प्रश्न येतात आणि दोन दिवस जातात. तक्रारीत डोमेनचं नाव, एफटीपीचं युजरनेम, होस्ट आणि पोर्ट, मेसेजच्या शेवटच्या पाच ओळी, दिवस आणि वेळ, आपला आयपी आणि काय काय करून पाहिलं ते लिहा. आपला आयपी गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधलं की दिसतो. पासवर्ड मात्र लिहायचा नाही. कंपनीला तो बदलून देता येतो, त्यासाठी जुना सांगायची गरज नसते.

मदतीचा नंबर गुगलवर शोधू नका. 'कस्टमर केअर' म्हणून खोटे नंबर टाकलेले असतात. समोरचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो, ओटीपी मागतो आणि वेबसाइटऐवजी बँक खातं रिकामं होतं. कंपनीच्या खात्यात लॉगिन करून तिथल्या 'सपोर्ट'मधूनच बोला. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार होते.

काम नेट कॅफेत किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर केलं असेल तर निघताना फाइलझिलातून 'क्विककनेक्ट'ची हिस्टरी आणि साइट मॅनेजरमधली नोंद पुसा. पासवर्ड सेव्ह राहिला, तर पुढचा माणूस एका क्लिकवर आत जातो.

चावी कोणाच्या नावावर आहे?

वरची सगळी कारणं तपासता येतात आणि सुटतातही. एक कारण मात्र तांत्रिक नाही आणि तेच सगळ्यात महाग पडतं. वेबसाइट ज्या पोराने बनवली, त्याने घाईत स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकून होस्टिंग घेतलेलं असतं. वर्षभराने तो पुण्याला नोकरीला जातो, सिम बदलतो किंवा कुणाशी बिनसतं. मग 'फरगॉट पासवर्ड' दाबलं की लिंक त्याच्याच ईमेलवर जाते. पैसे ग्रामपंचायतीचे किंवा शेतकरी कंपनीचे, पण कागदोपत्री मालक तो. कंपनी त्यालाच ओळखते, ठराव दाखवून लगेच दार उघडत नाही.

सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे आपण शेत घेण्याआधी बघतो. डोमेन आणि होस्टिंग घेतानाही तेच बघायचं. काही गोष्टी सुरुवातीलाच केल्या तर पुढचा ताप वाचतो.

• संस्थेचा स्वतंत्र ईमेल उघडा आणि सगळी खाती त्यावरच घ्या. माणूस बदलला तरी ईमेल संस्थेचाच राहील.

• डोमेनच्या नोंदीत मालक म्हणून संस्थेचं नाव टाका. बिलही संस्थेच्या नावाने घ्या, ते ऑडिटलाही लागतं.

• वेबसाइट बनवणाऱ्याला मुख्य चावी न देता वेगळं एफटीपी खातं उघडून द्या. काम संपलं की ते खातं बंद करा. त्यामुळे कुणावर संशय घ्यायची वेळही येत नाही.

• चारही चाव्या, कंपनीचं नाव आणि दोन्ही मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहा. तो कागद पाकिटात घालून कार्यालयाच्या कपाटात ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

• मुदत संपायच्या महिनाभर आधीची आठवण दोघांच्या मोबाइलमध्ये लावा.

• महिन्यातून एकदा वेबसाइटची पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

खाती आधीच दुसऱ्याच्या नावावर असतील तर भांडणाआधी बोलून घ्या. तो माणूस संपर्कात असताना ईमेल आणि मोबाइल नंबर बदलून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. संपर्क तुटल्यावर तेच काम महिनोन् महिने चालतं. काम सोडून गेलेल्यांनीही एक ध्यानात ठेवावं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

थोडक्यात

पत्ता सापडत नसेल तर होस्ट आणि डोमेनची मुदत बघा. टाइम आउट असेल तर थांबा आणि नेट बदला. ५३० असेल तर आधी युजरनेम, मग पासवर्ड, मग खात्याची स्थिती, याच क्रमाने तपासा. ५५० च्या पुढचे नंबर असतील तर फोल्डर आणि जागा बघा. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चौथा करू नका, फाइल मॅनेजरने काम उरका आणि कंपनीला लिहा. होस्टिंग कुणाच्या ईमेलवर आहे, हे मात्र सगळं नीट चालू असतानाच विचारून घ्या.